प्रमोदिनीबाईंचा तिसरा डेक

हे कोटेश्वरी माते, मुरुडच्या वाड्यांवर सावली धरणाऱ्या आई, आधी तुझ्या पायांवर माथा. समुद्राला हद्द घालून देणारी तू, पोफळीच्या कोंबाला आभाळ दाखवणारी तू, आणि ऐन वेळी माणसाच्या जिभेवर येऊन बसणारीही तूच. तुझ्याच एका लेकीची गोष्ट सांगायची आहे. बोलवती तू हो. शब्द वावगा जाऊ देऊ नकोस.

त्या लेकीचे नाव प्रमोदिनी. गाव त्यांना प्रमोदिनीबाई म्हणते. वय छप्पन्न. तीस वर्षे गावच्या मुलांना गणित शिकवले. शिकवता शिकवता सासरची नारळी-पोफळीची वाडी राखली, सासूचे आजारपण काढले, मुलगी वाढवली. बाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा त्या मुलीने, निवेदिताने, पुण्याहून येऊन त्यांच्या फोनमध्ये पत्त्यांचा एक खेळ घालून दिला. दूर राहून मायलेकींनी संध्याकाळी दोन डाव खेळावेत, एवढाच हेतू. निवेदिता चार महिन्यांत कंटाळली. आई मात्र देवापुढे दिवा लावून त्या खेळाला बसे, ती जपाला बसावे तशी. शेकडो पत्त्यांतून तीस निवडायचे आणि आपला संच बांधायचा. त्या संचाला खेळाडू डेक म्हणतात. एक पत्ता घ्यायचा तर दुसऱ्याचा मोह सोडायचा. हे सोडणे बाईंना कुणी शिकवावे लागले नाही.

कारण एकोणिसाव्या वर्षी विद्यापीठाच्या बुद्धिबळ संघात त्यांचे नाव लागले होते. संघ इंदूरला निघाला त्याच आठवड्यात त्यांच्या लग्नाचा मुहूर्त होता. अक्षता पडल्या आणि संघ त्यांच्यावाचून गेला. बाई त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. आता सदतीस वर्षांनी, अलिबागच्या एका मंगल कार्यालयात या पत्त्यांच्या खेळाची कोकण विभागाची स्पर्धा भरली होती आणि राज्याच्या संघात कोकणाला एकच जागा होती. ती जागा त्यांना हवी होती. गावात मिरवायला नव्हे, कुणाला दाखवून द्यायला नव्हे. एकदा संघाबरोबर निघायचे होते, बस.

स्पर्धेचा नियम साधा आणि क्रूर. प्रत्येकाने आदल्या दिवशी तीन डेक नोंदवायचे. त्यांच्या याद्या सर्वांना उघड. मग बदल नाही. सामन्याआधी समोरच्याने तुमचा एक डेक बाद करायचा, तुम्ही त्याचा एक. उरलेल्या दोन्ही डेकनी एकेक विजय मिळवेल तो जिंकला. जिंकलेला डेक त्या सामन्यात पुन्हा खेळायचा नाही.

बाईंचा पाण्याचा डेक पक्का होता, दगडाचाही पक्का. तिसरा आगीचा. जानेवारीत त्याच आगीने त्यांनी पनवेलच्या स्पर्धेत आठ जणांची राख केली होती आणि तेव्हापासून तिचा धाक सगळीकडे पसरला होता. पुढे खेळाच्या नियमांत फेरफार झाले, आग बाईंच्या हातात बसेना, दोन महिने त्यांनी तिला शिवलेही नाही. तरी नोंदणीत तिसऱ्या जागी त्यांनी तीच लिहिली. वाडीत वानरांसाठी बुजगावणे उभे करतात ना, तशी. लोक घाबरतील, तिलाच बाद करतील, आणि आपले दोन खरे डेक सुखरूप राहतील.

आणि झालेही तसेच. सकाळच्या तिन्ही सामन्यांत समोरच्याने आगच बाद केली. बाईंनी पाणी आणि दगड खेळून तिघांनाही हरवले. त्यांचे यजमान बापू मागच्या खुर्चीवर चार्जर आणि पाण्याची बाटली सांभाळत बसले होते. प्रत्येक विजयानंतर ते फक्त टोपी सारखी करत. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा एकच सामना उरला होता. समोर उलव्याचा शुभम, वय बावीस.

बाईंनी डबा उघडला. घावन, वालाची उसळ, ओल्या नारळाची चटणी. शेजारच्या टेबलावर शुभम बिस्किटाचा पुडा फोडत होता. प्रतिस्पर्धी असला म्हणून काय झाले? बाईंच्या घरात आजवर समोरच्याला विचारल्याशिवाय कुणी घास घेतला नव्हता. त्यांनी त्याला बोलावले, झाकणावर वाढले. तो लाजला, मग मनापासून जेवू लागला. आपली आई पहाटेच कामाला जाते, अशी घावने वर्षभरात खाल्ली नाहीत, असे काहीबाही सांगू लागला. आणि तिसरे घावन मोडता मोडता त्याने सहज, हसत, गळ टाकावा तसा प्रश्न टाकला.

"काकू, एक विचारू? तो आगीचा डेक तुम्ही खरंच खेळता, की नुसता लावून ठेवलाय?"

बाईंच्या हातात उसळीचा चमचा होता. हसून उडवून लावता आले असते. "समोर आलास की कळेल" एवढे म्हटले असते तरी खोटे ठरले नसते. पण सासूबाईंनी पहिल्याच वर्षी बजावले होते की या घरात जेवत्या माणसाला फसवायचे नाही, अगदी थट्टेतही नाही. सदतीस वर्षे ते पाळले होते. त्या एका जागेकडे जाणारी वाट या उत्तरावरून जात होती, आणि त्यांना ती स्पष्ट दिसत होती.

"दोन महिने हात लावला नाही रे," बाई म्हणाल्या. "उसळ घे."

बापूंचा घास हातातच राहिला. शुभमने उसळ वाढून घेतली. मग हळूच म्हणाला, "मग काकू, मी तुमचं पाणीच बाद करणार. खेळायला आलोय ना मी पण."

"करच," बाई म्हणाल्या. "नाही केलंस तर मला आवडणार नाही."

सुट्टीची वीस मिनिटे उरली होती. बाईंनी आगीचे तीसही पत्ते पुन्हा वाचले. बापूंना त्यातले काही कळत नव्हते, तरी ते शेजारी येऊन बसले.

सामना सुरू झाला. शुभमने पाणी बाद केले. बाईंनी पहिला डाव दगडाने जिंकला, संथ, चिवट. आता आगीने एक विजय, फक्त एक. दुसऱ्या डावात मात्र सवय तुटलेली दिसली. या खेळात मांडलेले पत्ते ही आपली फौज, आणि मोजून दिलेले प्राण संपले की डाव गेला. 'वणवा' नावाचा पत्ता समोरच्याचे आठ प्राण घेतो, पण आपलीही फौज जाळतो. तो त्यांनी दोन वाऱ्या, म्हणजे दोन पाळ्या, आधीच टाकला आणि डाव हातचा गेला. एकास एक. सभागृहातले लोक खुर्च्या सोडून भोवती उभे राहिले.

शेवटच्या डावात बाईंचा हात स्थिर झाला. आग त्यांना ओळखू लागली. शुभमचे नऊ प्राण उरले, बाईंचे चार. हातात वणवा. आत्ता टाकला तर त्याचा एक प्राण उरतो आणि आपली फौज संपते. थांबले तर पुढच्या वारीत फौज आणि वणवा मिळून डाव संपतो. फक्त त्याच्याकडे 'भरती' नसावी, सारी फौज वाहून नेणारा पत्ता. त्याच्या यादीत तीन भरत्या होत्या, दोन येऊन गेल्या. नऊ पत्ते न पाहिलेले, त्यांतले चार त्याच्या हाती असणार. नऊत पाच वेळा थांबणेच फळते. घड्याळ धावत होते. बाई थांबल्या.

शुभमने भरती टाकली.

कथाकीर्तनात अशा वेळी देव धावून येतो. इथे तो धावून आला नाही, हे लपवायचे कारण नाही. गणित बरोबर होते. पत्ता त्याच्या हातात होता. पुढच्या वारीत बाई हरल्या आणि राज्याच्या संघातली ती एक जागा शुभमला मिळाली.

तो उठून आला, वाकून पाया पडला. "काकू, तुम्ही सांगितलं नसतं तर मी आगच बाद केली असती."

"ठाऊक आहे. म्हणून तर राग येतोय."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला? नीट खेळ तिकडे. थांबायचं तेव्हा थांब."

परतीच्या एसटीत काशीद मागे पडले. मग बापूंनी विचारले की पश्चात्ताप होतोय का. बाईंनी डोळे पुसले, लपवले नाहीत. वाईट वाटते आहे, फार वाटते आहे, म्हणाल्या. पण जेवताना जे बोलले ते पुन्हा तसेच बोलेन. चूक त्याआधीची आहे. जो डेक खेळायचा नाही तो नोंदवायचाच नव्हता. पुढल्या वर्षी तिन्ही खेळायचे असतील तेच नेईन.

"म्हणजे पुढल्या वर्षी आहे," बापू म्हणाले आणि त्यांनी टोपी सारखी केली.

आई कोटेश्वरी, या लेकीला आयुष्य दे, डोळ्यांना तेज दे, बोटांना बळ दे. बापूंना तिच्या पाठीशी असेच बसव. दूर राहणाऱ्या निवेदिताला माहेरची ओढ दे. त्या वाडीत माड भरोत, पोफळी लगडोत, विहिरीचे पाणी गोड राहो. त्या घरी येईल त्याला पोटभर अन्न आणि खरा शब्द मिळत राहो. कल्याण असो, कल्याण असो.