श्रीखंडावरची वाइन आणि सोडे

मुलाचा साहेब जर्मन होता. इथं अमेरिकेत, नोव्हाय गावात, गाड्यांच्या कंपनीत मुलगा कामाला, हा त्याचा वरचा. तो जेवायला येणार म्हणून सुनेनं श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, वरण-भात असा बेत केला. मिरची कशातच नाही. मी म्हटलं, दवाखान्यातला पेशंट बोलावलाय का? मुलानं डोळे वटारले.

मासळी या घरात बंद होती. बायको गेल्यावर मुलानं मला इकडं आणलं, तेव्हा माझ्या बॅगेत तिनं उन्हात वाळवलेल्या सोड्यांची पिशवी होती. सोललेली सुकी कोळंबी. तिच्या हातचं तेवढंच उरलेलं. सुनेनं पिशवी हुंगली आणि म्हणाली, बाबा, इथं थंडीत खिडक्या बंद असतात, हा वास गालिच्यातून जायचा नाही. पिशवी माझ्या स्वेटरांखाली गेली. माझं शिक्षण चौथी, पण सोड्यांना कीड कधी लागते ते कळतं. आणखी थोडे दिवस, की फेकायचेच. ते माझ्यानं झालं नसतं.

साहेब आला, हिरवट बाटली घेऊन. त्याच्या गावाकडची पांढरी वाइन, रीसलिंग. मुलगा म्हणाला, बाबा, ही ड्राय आहे, म्हणजे अजिबात गोड नसते. मी म्हटलं, मग तुझ्या साहेबासारखीच की. नशीब, त्याला मराठी येत नव्हतं.

आपल्यात गोड ताटात पहिल्यापासूनच वाढतात. बिचाऱ्यानं सुरुवातच श्रीखंडानं केली. दोन वाट्या हाणल्या आणि वर स्वतःच्या वाइनचा घोट घेतला. तोंड असं झालं, जसं काही एरंडेल पाजलंय. मुलानंही श्रीखंडावर घोट घेतला, त्याचंही तसंच. मुलाला वाटलं बाटली आंबली, साहेबाला वाटलं आपली लाज गेली. दोघंही एकमेकांना छान छान म्हणत होते. मी मजेत पुरी खात होतो.

शेवटी साहेबच हसला आणि काहीतरी बोलला. मुलानं सांगितलं, गोडावर ही आंबट लागते, हिला खारट काहीतरी हवं. त्यातला एक शब्द मला मुलानं सांगायच्या आधीच कळला होता. फिश.

मी उठलो. पाहुण्यासमोर सून सासऱ्याला अडवत नाही, ही रीत आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाला आली.

अर्धे सोडे भाजले, गरम पाण्यात टाकून काढले. कांदा, हिरवी मिरची, आमसूल, वर खोबरं. खोबरं फ्रीजमधलं, दगडासारखं. बायको करायची तसं झालं नाही. मीठही माझ्या हातून जास्तच पडलं. पण वास तिचाच होता. धूर झाला की वाजणारा छताचा भोंगा कोकलायला लागला, मुलगा टॉवेल घेऊन त्याच्याखाली नाचला.

साहेबानं एक घास खाल्ला, एक घोट घेतला आणि लगेच दुसरा घास उचलला. मीही चाखली. कैरी चावल्यासारखी वाइन, ती खारट-तिखटावर अशी बसली, की मी सुनेकडं बघून मुद्दाम मिटक्या मारल्या. साहेबानं बशी पुढं केली. आणखी.

आता आली का पंचाईत, तिच्या हातचे उरलेत तेवढेच. मी स्वयंपाकघरात जाऊन उरलेली पिशवी तव्यावर धरली. मागून सून आली. मी म्हटलं, बोलायचंय ते नंतर बोल, आधी भाजू दे.

तिनं पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

"त्याला माझ्या बशीतले वाढते. हे राहू देत. आईंच्या वर्षश्राद्धाला करू."

"कुठं? बाहेर बर्फात?"

"इथंच. खिडक्या उघडू."

पिशवीला रबर लावून तिनं ती फ्रीजरमध्ये आईस्क्रीमला चिकटून ठेवली. खरं तर खोचक काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं होतं. पण बाहीनं डोळेच पुसावे लागले. म्हटलं, मिरची झोंबली.

ती म्हणाली, "हो, मिरची फारच झाली," आणि माझा ग्लास भरून दिला.