चार्जरसाठी टपरी सरकवली

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे फणस फोडला. मे महिन्यातली दुपार होती. पडवीत गोणपाट अंथरलं, हाताला खोबरेल चोपडलं, मी कोयत्यानं फणस चिरला आणि ती गरे काढायला बसली. गरे एकीकडं, आठळ्या एकीकडं. गऱ्यांची फणसपोळी करून ती फाट्यावरच्या तिच्या चहाच्या टपरीत विकायची. आठळ्या लाल मातीत घोळवून पुरून ठेवायच्या, म्हणजे पावसात भाजीत घालायला होतात. दर वर्षीचंच काम. त्यात बोलायचं तिनं आणि ऐकायचं मी.

त्या दिवशी ती चार्जरवर बोलत होती.

गावात विजेच्या गाड्यांसाठी चार्जर बसवायचं ठरलं होतं. कारण असं झालं की गेल्या वर्षी देवळातल्या सप्त्याला मुंबईचे चाकरमानी तसल्या गाड्या घेऊन आले. एकानं देवळातल्या प्लगाला लांब वायर जोडून गाडी लावली. ते बघून दुसऱ्यानं त्यातच आपली जोडली. ऐन भजनात देवळाची लाईट गेली. पखवाजवाला अंधारात वाजवत राहिला, बाकीचे शिव्या देत बाहेर आले. मग चाकरमान्यांच्या मुंबईच्या मंडळानं वर्गणी काढली, गावातल्या वाड्यांनीही घरटी पैसे दिले. मशीन एक कंपनी देणार. जागा, शेड आणि वीजजोडणी गावानं करायची.

घोळ होता तो जागेचा. मंडळाला देवळासमोरचं अंगण हवं होतं. तिथं चुन्यानं चौकोनही आखून झाला होता. फक्त कौल लावायचा बाकी होता. आमच्याकडं देवाला विचारल्याशिवाय देवळाच्या आवारात खड्डा मारत नाहीत. देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, मानकरी गाऱ्हाणं घालतात, आणि कुठल्या बाजूची पाकळी आधी पडते त्यावरून हो की नाही ते समजतं.

"कौल कसला लावताव?" ती गरा सोलता सोलता म्हणाली. "चौकोन आखलनी तो होळीच्या खड्ड्यावर. शिमग्याला होळी काय मशीनच्या डोक्यावर उभी करनार?"

"मुंबईवाल्यांना दिसत नाय काय? दर शिमग्याला येतात की."

"येतात तेव्हा अंगण मानसांनी भरलेलं असतं. रिकामं अंगण त्यांनी मोबाईलवर फोटोत बघितलनी."

"मग कुठं लावायचं?"

"फाट्यावर. आपल्या जागेत, टपरीच्या बाजूला. विजेचा डीपी तिथं, रायवळ आंब्याची सावली तिथं. हातखंब्याकडनं येनाऱ्याला लांबनं दिसतं."

"म्हणजे तुझा चा खपेल."

"खपूदे की. तुमचं काय जातंय ओ? पूर्वी गाडीचे बैल कुठं सोडायचे? पानी नि सावली असेल तिथं. बैल दम खाईपर्यंत मानूस काय करायचा?"

"विडी ओढायचा."

"विडी ओढायचा नि बैलांकडं बघत बसायचा. तसंच हे. गाडी लावली की तिच्याकडं बघत बसायचं. सभेत सांगा तुमी."

"तूच सांग. तुझं तोंड काय शिवलंय?"

"सांगतेच. सभा भरूदे."

तिला सांगायला मिळालं नाही. संध्याकाळी आठळ्या मातीत घोळवून झाल्या, कोपऱ्यात पुरून झाल्या. ती हात धुवायला न्हाणीवर गेली आणि तिथंच खाली बसली. मी विचारलं, काय झालं गो? बोलली नाही. रत्नागिरीला दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. नखांतली लाल माती तशीच होती.

माझं शिक्षण चौथी. आयुष्य चिरेखाणीत गेलं. चारचौघांत मला रडता येत नाही. लोक म्हणाले, म्हातारा दगड आहे. म्हणू देत.

सुतक एका घराला नसतं, सगळ्या भावकीला असतं. आणि गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या भावकीचा. सुतकात मानकऱ्यांनी देवळाची पायरी चढायची नाही, म्हणजे गाऱ्हाणं नाही आणि कौलही नाही. इकडं कंपनीचा माणूस जागा बघायला येणार तो दिवस ठरलेला. पुढं ढकलला तर मशीन दुसऱ्या गावाला जाईल अशी सगळ्यांना भीती. देवळात सभा घ्यावी तर अर्धा गाव आत येणार नाही. शेवटी सभा फाट्यावर घेतली, रायवळ आंब्याखाली. एवढी सावली दुसरीकडं नाही.

म्हणजे ज्या सभेत ती बोलणार होती ती तिच्या टपरीसमोर भरली, आणि भरली ती गेली म्हणून. यात देवाचं काही असेल असं मी म्हणत नाही. सावली होती, म्हणून भरली.

मी गेलो. घरी बायका भेटायला येऊन रडत होत्या, त्यांच्याशी काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. टपरीचं बाकडं बाहेर होतं, त्यावर बसलो. टपरी म्हणजे काय, लाकडाचे खांब, वर पत्रे, पुढं फळी. रस्ता चौपदरी झाला तेव्हा एकदा मागं सरकवलेली. त्या वेळी खांब मी रोवले आणि ती समोर उभी राहून सांगत होती, डावीकडं घ्या, आता उजवीकडं घ्या, अजून तिरकाच हाय.

कंपनीचा साहेब विजेच्याच गाडीतून आला. उतरल्या उतरल्या रुमालानं मान पुसत म्हणाला, "चहा मिळेल का इथं?"

देवळाचा गुरव म्हणाला, "मिळाला असता साहेब. जरा आधी यायला हवं होतं."

साहेबानं देवळाकडं जायच्या आधी तिथलाच डीपी बघितला, रस्त्याकडं बघितलं, टेपनं मापं घेतली. जागा त्याला आवडली. "फक्त ही टपरी वाटेत येते," तो म्हणाला. "गाड्या आत वळणार नाहीत. काढावी लागेल."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सरपंच माझ्या पोरासारखा. तो जवळ येऊन हळू बोलला, "आबानू, टपरी आता तशी बंदच की. काढून टाकू. तुमी फक्त जागेला हो म्हना."

"बंद हाय म्हणून तुला कोणी सांगितलं?"

"तसं नाय, पन काकी..."

"काकी गेली. टपरी हाय."

मुंबईच्या मंडळाचा अध्यक्ष फोनवर होता. फोन टपरीच्या फळीवर उभा करून ठेवलेला. त्यातनं आवाज आला, "पण देवळासमोर ठरलं होतं ना? कौलाचं काय?"

गुरव फोनवर वाकून ओरडला, "अध्यक्षानू, होळीच्या खड्ड्यावर चौकोन आखलाव तुमी! शिमग्याला पालखी कुठं नाचवू? तुमच्या गाडीच्या टपावर?"

लोक हसले. मलाही हसू आलं. सुतकात बरं दिसत नाही, पण आलं. ते बोलणं तिचंच होतं. नंतर गुरवाकडून कळलं, गेली त्या दिवशी सकाळीच तिनं त्याला वाटेत गाठून हे ऐकवलं होतं.

मी उठून उभा राहिलो.

"जागा देतो," मी म्हटलं. "पण टपरी काढायची नाय. मी ती आंब्याच्या पलीकडं सरकवतो. तुमची वाट मोकळी होईल. आणि तिथं दुसऱ्या कोणाला टपरी घालू द्यायची नाय. हे कबूल असेल तर मशीन लावा. नसेल तर न्या हातखंब्याला."

"पन चालवनार कोन आबानू?" सरपंचानं विचारलं.

"मी."

मागं माझी थोरली वहिनी उभी होती. ती म्हणाली, "भावोजी, तुमाला चा तरी करता येतो काय?"

"जन्मभर प्यालोय. कसा लागायला पायजे ते ठाऊक हाय."

साहेबाला ह्यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्यानं आंब्याच्या अलीकडं चुन्याची रेघ मारली आणि पलीकडची जागा सोडली. फोनमधनं अध्यक्ष म्हणाला, "चालेल." सभा उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेऊन फाट्यावर गेलो. पत्रे उतरवले, फळी काढली, खांब हलवून हलवून उपटले. वहिनी पाणी भरायला चालली होती. घागर कमरेवर घेऊन रस्त्यातच थांबली.

"भावोजी, सुतकात नवं काम काढू नये ओ."

"नवं कुठं? जुनंच सरकवतोय."

ती काहीतरी पुटपुटत गेली. आंब्याच्या पलीकडं वर माती आणि हातभर खाली कातळ. कातळात खड्डा मारायचं मला नवीन नाही, पण हात आता पूर्वीचे नाहीत. दमलो की पहारीला टेकून उभा राहायचो. ऊन चढेपर्यंत खांब उभे झाले. डावीकडचा तिरका आहे असं मला वाटत होतं. लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं, कळेना. समोर उभं राहून सांगायला कोणी नव्हतं. दगड ठोकून होता तसा पक्का केला.

बाकडं शेवटी उचललं. ती ते रस्त्याकडं तोंड करून ठेवायची. मी मशीनच्या जागेकडं तोंड करून ठेवलं. तिथं अजून काही नव्हतं, नुसती चुन्याची रेघ. थोडा वेळ तिच्याकडं बघत बसलो. मग टपरीतल्या चुलीला चिरे आणायला खाणीवर गेलो.