शोभाताईंनी सांगितलं नाही ते

शोभाताई साळवे कॉम्प्युटर उघडण्याआधी त्याच्या पत्र्यावर तळहात टेकवून क्षणभर थांबायच्या. आमच्या आष्टीच्या शाळेत पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा शिपायानं विचारलं, "ताई, पाया पडून राह्यल्या का?"

त्या हसल्या. "पाया न्हाई पडले. अंगातली वीज उतरवली. आधी आपलं उतरवावं, मंग दुसऱ्याच्या पोटात हात घालावा."

त्या परतूरहून स्कूटीवर यायच्या. नवरा वारल्यावर एका कॉम्प्युटर क्लासमध्ये झाडझुडीच्या कामाला लागल्या आणि तिथंच बघून बघून दुरुस्ती शिकल्या. कधी घाई नाही. आधी पंख्याचा आवाज ऐकायच्या, मग एकेक वायर काढून पुन्हा लावायच्या. "पंखा फिरला म्हंजे जीव हाय, फक्त जाग आली न्हाई. कुठं अडकलं ते बघायचं, उगी घाबरायचं न्हाई." रॅमची पट्टी काढून तिचं टोक खोडरबरानं पुसायच्या, आणि मशीन सुरू झालं की घरचं पोरगं पास झाल्यासारखा त्यांचा चेहरा फुलायचा.

मी त्या शाळेत क्लार्क होतो. मला सगळे भाऊसाहेब म्हणत.

दहावीचे परीक्षा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. सगळ्या पोरांची माहिती त्या एकाच मशीनमध्ये. सकाळी बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली : सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. मी शोभाताईंना फोन लावला. शोभाताई अर्ध्या तासात आल्या. तोवर मुख्याध्यापक आणि सात-आठ शिक्षक कार्यालयात जमले होते.

"परवाच तुम्ही हे उघडलं होतं," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "हार्डडिस्क जागेवर आहे ना? की बदलली?"

शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊसाहेब, मी परवा पंख्याची धूळ काढायला आल्ते. बघू द्या."

आज विचारतो स्वतःला : आमच्या भावकीतला कुणी माणूस असता, तर मी असं चारचौघांत विचारलं असतं का? उत्तर मला माहीत आहे.

त्यांनी मशीन भिंतीपासून ओढलं. मागं वाकून पाहिलं, काहीतरी उपसलं, मूठ मिटली आणि पुन्हा बटण दाबलं. मशीन सुरळीत चालू झालं. त्यांच्या बोटांतून लाल दोरा लोंबत होता. तो माझ्या पेन ड्राइव्हचा होता. आदल्या दिवशी पुतणीच्या लग्नाचे फोटो बघायला मीच तो मागं खोचला होता आणि विसरलो होतो. मशीन सुरू होताना स्वतःची डिस्क सोडून आधी त्यातच शोधत बसलं होतं.

"काय झालं होतं?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

शोभाताई माझ्याकडे बघत राहिल्या. मी बोलावं म्हणून थांबल्या होत्या. मी टेबलावरचे कागद सारखे करू लागलो.

"बारीक गोष्ट होती, सर," शेवटी त्याच म्हणाल्या. "अर्ज भरून घ्या जल्दी."

"म्हणजे परवा तुमच्याकडूनच काही ढिलं राहिलं असणार," मुख्याध्यापक म्हणाले. त्या पिशवी उचलून बाहेर पडल्या. फाटकाशी मी गाठल्यावर त्यांनी पेन ड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला आणि स्कूटी सुरू केली.

त्यानंतर शाळेनं त्यांना बोलावणं बंद केलं. जालन्याहून दुसरा माणूस येऊ लागला. आष्टीतल्या आणखी दोन ठिकाणी त्यांचं काम सुटलं. त्यांच्या हातून मशीन बिघडल्याची बातमी कार्यालयातूनच गेली होती.

वर्षभरानं मी परतूरला त्यांच्या दुकानात गेलो. हात जोडले आणि चूक माझी होती असं म्हणालो. त्या एका मशीनचे स्क्रू आवळत होत्या.

"मला सांगून काय उपेग, भाऊसाहेब? मला तर बराबर म्हाईतच हाय. ज्यांच्यासमोर तुम्ही बोलले, त्यांच्यासमोर बोला." मग स्टूल पुढं सरकवलं. "बसा. चहा घ्या."

मागच्या वर्षी मी निवृत्त झालो. निरोपाला तेच मुख्याध्यापक, तेच शिक्षक समोर होते. आदल्या दिवशी वाक्य ठरवून ठेवलं होतं, दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. माईक हातात आला. मी संस्थेचे आभार मानले, सहकाऱ्यांचे मानले, शिपायाचेसुद्धा मानले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नारळ घेतला आणि खाली बसलो.

शोभाताई अजून परतूरलाच आहेत. शाळेत अजूनही जालन्याचाच माणूस येतो.