वाऱ्याशिवाय गारवा

नोरबोता उस्ताला, म्हणजे नोरबोता मिस्त्रीला, सगळं तेर्मेझ शहर ‘थंडीचा डॉक्टर’ म्हणतं, आणि त्यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही. खरबुजं सैबेरियाला नेणाऱ्या थंड मालट्रकांवर तो हे काम शिकला आणि पुढे मोटारींच्या एसीकडे वळला. चिल्ल्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या त्या चाळीस दिवसांत, नळाचं पाणीसुद्धा चहाला चालेल इतकं तापतं. तेव्हा त्याच्या गॅरेजपुढे गाड्यांची रांग लागते. हात सोन्याचे, जीभ मात्र तिखट. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला तो सरळ सांगतो, “मग अमूदर्या नदीत बुडी मार ना, तिथे नंबर लावावा लागत नाही!”

असा हा माणूस, पण सख्ख्या बहिणीपुढे त्याने हात टेकले होते.

रोबिया ओपा, म्हणजे रोबियाताई, त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली तेव्हा तिनेच त्याला भरवलं, बदडलं आणि माणसात आणलं. आता तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. रक्त शुद्ध करून घ्यायला दिवसाआड अंगोर गावाहून तेर्मेझच्या दवाखान्यात यावं लागे. मुलगा कामासाठी रशियात, त्यामुळे सून हुल्कार तिला वारलेल्या सासऱ्यांच्या जुन्या झिगुलीतून आणायची. त्या गाडीत एसी कधी नव्हताच. चिल्ला लागला आणि ओपाला वाटेतच घेरी आली. पुढची फेरी तिने चुकवली, तर पाय सुजले. हुल्कारने रडून-भेकून पुन्हा नेलं, तर पुन्हा घेरी. तेव्हा ओपाने जाहीर केलं, “बस्स. आता मी कुठे येत नाही. मरायचंच आहे तर आपल्या द्राक्षाच्या मांडवाखाली मरेन.”

“माझ्या नेक्सियातून चल, ओपा. आत बर्फ पडतो बर्फ,” नोरबोता म्हणाला.

“तुझ्या दाजींची गाडी दारात उभी असताना मी लोकांच्या गाडीत बसू?”

“मी लोक झालो का गं आता?”

“जास्त बोलू नकोस. चहा ओत.”

नोरबोताने चहा ओतला आणि मनाशी ठरवलं. बहीण गाडी बदलत नाही, तर गाडीच बदलू.

भंगारबाजारातून आणलेला कॉम्प्रेसर उघडला तर आत लोखंडाचा चुरा निघाला. दुसरा शोधत हिंडायला वेळ नव्हता. मग त्याने स्वतःच्या नेक्सियाचं बॉनेट उघडलं. ती गाडी म्हणजे त्याची दुकानाची पाटीच होती. थंडीच्या डॉक्टरची गाडी गार नसेल तर कोण विश्वास ठेवेल? तरीही त्याने आतला गॅस नळकांड्यात काढून घेतला आणि कॉम्प्रेसर, पुढची जाळी, पंखा, आतली गारव्याची पेटी असं सगळं एकेक करून उतरवलं. शेजारचा पंक्चरवाला हसला, “उस्ता, वडाची साल पिंपळाला लावताय होय!” नोरबोता म्हणाला, “झाड माझं, साल माझी. तू तुझी ट्यूब बघ.”

झिगुलीच्या इंजिनाला कॉम्प्रेसर धरायला जागाच नव्हती. त्याने जाड पत्रा कापून, भोकं पाडून धारक बनवला. पट्टा वाकडा धावू लागला म्हणून धारक तोडून परत जोडला. नळ्या कापून नवी तोंडं दाबून बसवली, आतली हवा पंपाने ओढून काढली आणि मगच गॅस भरला. पेटी बसवली पुढच्या सीटसमोर, कारण वडीलधारं माणूस पुढेच बसणार. बटण दाबताच असा गार झोत आला की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. मला विचाराल तर वाटायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ओपाला दवाखान्यात जायचं होतं. म्हणून आदल्या सकाळीच त्याने तिला गाडीत बसवलं आणि झोत सोडला. ओपा किंचाळली.

“बंद कर! बंद कर मेल्या! वारा लागेल! तोंड वाकडं होईल माझं!”

“अगं ओपा, एसी आहे हा...”

“माझी मूत्रपिंडं कशाने गेली? असल्याच गार वाऱ्याने ना? लोकांचे भाऊ बहिणीला शाल आणतात, तू मला वाऱ्यात बसवतोस! तुझ्या त्या गाडीत मी का बसत नव्हते, वाटलं काय तुला?”

ती तरातरा घरात निघून गेली. नोरबोता तिथेच उभा राहिला. त्याला बहिणीचा राग आला नाही. आला तो स्वतःचा, कारण ती बरोबरच बोलत होती. तो स्वतःसुद्धा चिल्ल्यात खिडक्या लावून झोपतो. घामेजलेल्या माणसावर गार झोत सोडू नये, हे या मुलखात पाळण्यातलं पोर जाणतं. जन्मभर थंडी विकणारा हा माणूस एवढी गोष्ट विसरला.

“मामा,” हुल्कार म्हणाली, “गारवा चालेल त्यांना. वारा नको.”

“म्हणजे?”

“तळघर गार असतं. तिथे कुठे वारा असतो?”

नोरबोता म्हणाला, “पोरी, शिवणयंत्र बाहेर काढ.”

त्याने पेटी पुढून काढून मागे डिकीत नेली. तिथून दोन नळ्या छतापर्यंत चढवल्या. हुल्कारने विरळ सुती कापडाची, छताएवढी लांबरुंद, चपटी पिशवी शिवली. ती छताला आतून ताणून बसवली आणि नळ्यांची तोंडं तिच्यात सोडली. गारवा त्या कापडातून झिरपायचा आणि आपसूक खाली उतरायचा. मेणबत्ती धरून पाहिली, ज्योत हलली नाही. काम दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळेला कसंबसं संपलं.

“त्या यंत्राचं काय केलंस?” ओपाने दारातूनच विचारलं.

“काढलं तिथून,” नोरबोता म्हणाला. खोटं नव्हतंच ते.

“आणि हे वर काय?”

“ऊन लागू नये म्हणून अस्तर.”

ओपा कुरकुरत बसली. हुल्कारने गाडी काढली. नोरबोता आपल्या नेक्सियातून मागोमाग निघाला, चारही खिडक्या उघड्या टाकून. बाहेरून भट्टीची धग आत येत होती. त्याची नजर पुढच्या गाडीतल्या ओपाच्या पांढऱ्या ओढणीवर खिळली होती. ती कलंडली, तर सगळं संपलं. सबंध रस्ताभर ती ताठ राहिली.

दवाखान्याच्या फाटकाशी ओपा स्वतःच्या पायांनी उतरली. कपाळ कोरडं होतं.

“बघ, आज ऊन उतरलंय,” ती म्हणाली. “उगाच गाडी फोडत बसला होतास.”

“हो ओपा. उतरलंय खरं.”

मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. शर्ट अंगाला चिकटलेला, चेहरा लालबुंद, दाढीवरून घाम ठिबकतोय.

“इतका घाम? ताप आलाय तुला! बस आणखी त्या गार गाडीत! लागला ना वारा?”

ओपाने वाऱ्याच्या धास्तीने पांघरलेली लोकरीची शाल काढली, त्याच्या कमरेला दोन वेढे दिले आणि लहानपणी बांधायची तशी करकचून गाठ मारली.

“सोडलीस तर याद राख. परवा येऊन बघणार आहे मी.”

“येशील?”

“न येऊन काय करू? तुझ्याकडे बघायला दुसरं आहे कोण?”

ती आत गेली. रस्त्यावर डांबर वितळत होतं. नोरबोताने शालीची गाठ आणखी आवळली आणि तो तिथेच उन्हात रडत उभा राहिला.