दुसरी सही

इंग्लंडमधल्या ग्रिम्स्बी गावच्या मासळीच्या कारखान्यात फोर्कलिफ्टखाली सिरिल ब्लँचर्डचा उजवा पाय गेला आणि दोन वर्षांनी त्याला नुकसानभरपाई मंजूर झाली. एवढी शिल्लक त्याच्या स्वतःच्या खात्यात दिसली असती तर सरकारी भत्ता आणि घरभाड्याची मदत, दोन्ही बंद! म्हणून वकीलबाईंनी पैसे ट्रस्टमध्ये ठेवायचं ठरवलं.

"दोन विश्वस्त लागतील. एक तुम्ही स्वतः. दुसरा तुमच्या विश्वासातला कोणीतरी सांगा," त्या म्हणाल्या.

आता आली का पंचाईत! बायकोला जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बहीण ऑस्ट्रेलियात, तीही नाताळच्या कार्डापुरती. एकसष्ट वर्षं जगलेल्या माणसाला एक नाव सुचू नये, याने सिरिलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी त्याने नॉर्मन स्लेटचं नाव दिलं. अपघाताच्या दिवशी फोर्कलिफ्ट चालवत होता तो हाच. नॉर्मनला नाही म्हणणं जमणार नाही, हे सिरिलला पक्कं ठाऊक होतं.

ट्रस्टच्या प्रत्येक चेकवर दोघांच्या सह्या लागत. म्हणून दर गुरुवारी नॉर्मन यायचा, सही करायचा, चहा प्यायचा, गावच्या फुटबॉल संघाला शिव्या घालायचा आणि जायचा. सिरिलही काही कमी नव्हता. चाकाच्या खुर्चीचं एक टायर या गुरुवारी, दुसरं पुढच्या. एकाच दुकानातल्या दोन पडद्यांचे त्याने दोन चेक केले. उरलेले सहा दिवस घरात फक्त टीव्ही बोलायचा.

"अरे, एकदम का नाही आणत सगळं?" नॉर्मन विचारायचा.

"विचार करून खर्च करावा लागतो बाबा."

"डोंबलाचा विचार!"

मार्चमधल्या एका गुरुवारी नॉर्मनने आल्या आल्या चेकबुक ओढलं आणि पानामागून पान सह्या करत सुटला.

"हे काय रे?"

"सुटलास बघ! सगळ्या कोऱ्या चेकांवर सही केली. आता माझी वाट बघायला नको. वकीलबाईंना बोलू नकोस हं, ओरडतील."

मोठं उपकाराचं काम केल्यासारखा तो खुशीत होता. अर्धा कप चहा तसाच टाकून गेलासुद्धा.

सिरिल चेकबुक मांडीवर घेऊन बसला. पुढच्या गुरुवारी कोणी येणार नव्हतं. त्याच्या पुढच्याही नाही. इतकं एकटं त्याला इस्पितळातही वाटलं नव्हतं. मग त्याने नॉर्मनचा उरलेला चहा उचलला, चेकबुकावर ओतला आणि फोन लावला.

"नॉर्मन, चेकबुकावर चहा सांडला रे."

"सगळ्या चेकांवर?"

"सगळ्या. नवीन मागवतो. तुला परत यावं लागणार."



"लेका," नॉर्मन हळूच म्हणाला, "सरळ 'ये' म्हणता येत नाही का तुला?"

सिरिलने प्रयत्न केला. तेवढा एक शब्द काही केल्या तोंडातून निघेना.

"नवीन चेकबुक गुरुवारपर्यंत येईल," तो म्हणाला.