घरची पावती

बॅगा आणि छत्र्यांच्या काउंटरमागे एकतीस वर्षं उभे राहिलेल्या काकांचा कुठल्याही कागदावर विश्वास नव्हता. विजेचं बिल असो, डॉक्टरची चिठ्ठी असो, की मेहुण्याने दाखवलेला गाडीच्या दुरुस्तीचा हिशेब असो, काका चष्मा कपाळावर चढवून तो कागद उजेडात धरत, नुसतं "हं" म्हणत आणि परत देत. या "हं"चा अर्थ घरीदारी सगळ्यांना पाठ होता. पण त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. जन्मभर पावत्या लिहिणाऱ्या माणसाला पावती काय चीज असते ते कळतंच, आणि काकांना तर जरा जास्तच कळत होतं, कारण 'घरची पावती' लिहिण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या बाजारात दुसरा कोणी नव्हता.

घरची पावती म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. समजा, एका गृहस्थाला बाराशेची बॅग आवडली. खिशात पैसे आहेत. पण घरी बाराशे म्हटलं की पुढचे आठ दिवस तोंडं फुगणार. असा गृहस्थ काउंटरवर वाकून, आवाज उतरवून म्हणे, "काका, घरची द्या." बायका नवऱ्यासाठी मागत, सुना सासूसाठी आणि सासवा सुनांसाठी. जुन्या पावतीपुस्तकात वरचा पांढरा कागद गिऱ्हाइकाचा, खालचा गुलाबी दुकानाचा आणि मध्ये सुटा कार्बन. काका पांढऱ्या कागदाखाली हळूच एक पुठ्ठा सरकवत आणि सुबक अक्षरात 'सातशे' लिहून तो फाडून देत. मग कार्बनवर एक रद्दी कागद ठेवून खाली गुलाबीवर खरे बाराशे उमटवत. दुकानाला पूर्ण पैसे मिळत, गिऱ्हाइकाच्या घरात शांतता राही, आणि काकांच्या मते यात कोणाचंच काही बिघडत नसे. मालकांना सगळं ठाऊक होतं. अशा वेळी ते पंख्याकडे बघत बसत.

बिघडलं ते एका चेनमुळे. एक बाई चेन अडकणारी बॅग परत करायला आल्या, नेमक्या सोमवारी, म्हणजे काकांच्या सुट्टीच्या दिवशी. समोरच्या, बुटांच्या काउंटरवर टाचा होता. चाळिशीचा हा माणूस येणाऱ्याच्या चेहऱ्याआधी टाचा बघे, म्हणून हे नाव पडलेलं. त्याने पावती पाहिली, सातशे मोजून दिले. बाई खूश. नवरा शेजारीच उभा होता, त्याचा चेहरा उतरत गेला, पण बायकोदेखत बोलतो काय बिचारा. दुसऱ्या दिवशी तो एकटा आला आणि थेट आत जाऊन गरजला, "माझे पाचशे कुठे आहेत?" दुर्दैवाने त्या दिवशी मालकांच्या खुर्चीत त्यांची सूनबाई बसली होती, आणि सूनबाईंना पंख्याकडे बघायची सवय नव्हती.

महिन्याभरात नवी पावतीपुस्तकं आली. सूनबाईंनी ती कुठून तरी मुद्दाम बनवून घेतली होती. त्यांत सुटा कार्बन नव्हताच, पांढऱ्या कागदाच्या पाठीवरच त्याचा पातळ थर दिलेला होता. पांढरा आणि गुलाबी कागद तिन्ही कडांनी एकमेकांना चिकटवलेले. लिहून झालं की टोचलेल्या रेघेवरून पांढरा ओढून काढायचा, तोवर मध्ये नखसुद्धा शिरायचं नाही. प्रत्येक पानावर छापील नंबर आणि गिऱ्हाइकासाठी एक ओळ.

"बोटं काळी होणार नाहीत, काका," सूनबाई म्हणाल्या. "कार्बन उलटा घालायची भीती नाही. आणि पावती रद्द झाली तर दोन्ही कागद पुस्तकातच ठेवायचे, खाली कारण लिहायचं. दर शनिवारी तुम्ही टाचाभाऊंचं पुस्तक तपासायचं, त्यांनी तुमचं."

काकांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. बोटांची एवढी काळजी एकतीस वर्षांत कोणी केली नव्हती. कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं.

आता हा सगळा संशय काका घरी नेत नसत का? नेत. मुलीच्या वसतिगृहाच्या पावत्या त्यांनी भिंग लावून वाचल्या होत्या. डॉक्टरने त्यांची टाच दाबून "मऊ तळव्याचे चांगले बूट घ्या" म्हटलं, तर दवाखान्याबाहेर येताच काका म्हणाले, "याचं कुठल्या तरी दुकानात कमिशन असणार." पण एका माणसाला मात्र त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. काकू घरी शिलाई करत, त्यांचे चार पैसे त्या स्वतःजवळ ठेवत, घरातली बरीचशी खरेदी त्याच करत. त्या म्हणतील तो आकडा काका मान्य करत. तेवीस वर्षांत काकूंकडे त्यांनी एकदाही पावती मागितली नव्हती, आणि याचा त्यांना मनातून अभिमान होता. आपण अगदीच संशयी नाही, असं स्वतःला सांगायला त्यांच्याजवळ तेवढं एकच उदाहरण होतं.

नवी पुस्तकं येऊन तीन आठवडे झाले असतील. सोमवारी दुपारी काकू पिशवी घेऊन निघाल्या.

"बहिणीकडे जाऊन येते. उशीर होईल जरा."

काका पलंगावर टाच चोळत पडले होते. अर्ध्या तासाने फोन वाजला. पलीकडून काकूंची बहीणच बोलत होती. "ताई आहे का? बऱ्याच दिवसांत आली नाही म्हणून म्हटलं."

काकांच्या मनात पाल चुकचुकली. मेहुणीला त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही, पण फोन ठेवल्यावर ते उठून बसले. काकू दोन तासांनी परत आल्या. पिशवी रिकामीच होती.

"कशी आहे बहीण?"

"बरी आहे." काकू पाणी प्यायला आत गेल्या. "येताना मशीनच्या सुया तेवढ्या घेतल्या."

काका दारात जाऊन उभे राहिले. "पावती दाखव."

काकूंनी पेला खाली ठेवला. "कसली?"

"सुयांची."

एवढ्याशा सुयांची पावती कोण घेतं? ते काकांनाही माहीत होतं. काकूंनी हातातली सुयांची पुडी त्यांच्यासमोर ठेवली आणि मशीनवर जाऊन बसल्या. काकांना वाटलं होतं, भांडण होईल. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून जेवायला बसलं की काकांच्या ताटाखाली कागद असत. दुधाची पावती, रिळांची पावती, चप्पल शिवून आणल्याची चिठ्ठी. चांभार पावती देत नाही, म्हणून काकूंनी त्याच्याकडून वहीच्या पानावर लिहून आणलं होतं, खाली त्याची सही. काका ते कागद बाजूला सरकवत आणि जेवत. तरीही, खरं सांगायचं तर, काकू आत गेल्या की ते एकेक कागद वाचत होते.

बहीण नाही, मग काकू गेल्या कुठे? डोक्यात एकदा भुंगा शिरला की तो काही काकांना झोपू देईना. मग त्यांना दुसरी गोष्ट दिसू लागली. टाचा आजकाल त्यांच्याशी नजर मिळवत नव्हता. पूर्वी चहा पिताना दहा गप्पा मारणारा माणूस, आता "काकू बऱ्या आहेत ना?" एवढं विचारून कपात बघत बसे. काकूंची चौकशी याला कशाला? सोमवारी दुकानात हाच असतो. नवी पुस्तकं, सूनबाई, टाचा आणि आता घरची बायको. आपल्या माघारी ही सगळी मिळून काहीतरी शिजवतायत, असं काकांना वाटू लागलं. नोकरी गेली तर जाऊ दे, तिचं त्यांना फार वाटत नव्हतं. पण काकू त्यांच्याशी खोटं बोलल्या असतील, तर मग विश्वास ठेवायला जगात कोणीच उरत नव्हतं, आणि या विचाराने त्यांना खरोखर भीती वाटत होती.

शनिवार आला. काकांनी आपलं पुस्तक पुढे केलं आणि टाचाचं मागितलं.

"सोमवारी देतो," टाचा म्हणाला. "जरा लिहायचं राहिलंय."

"सोमवारी माझी सुट्टी. आत्ताच दे."

"मग मंगळवारी घ्या ना, काका. घाई काय आहे?"

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाला नऊ नंबरचा जोड हवा होता, म्हणून टाचाला माळ्यावर चढावं लागलं. त्याचे पाय शिडीवर दिसेनासे होताच काका त्याच्या काउंटरमागे गेले. पुस्तक ड्रॉवरमध्ये खोक्यांच्या झाकणाखाली ठेवलेलं होतं. काकांनी मागच्या सोमवारची पानं काढली. एक पान चौघडी करून आत खुपसलेलं होतं. जुन्या पुस्तकातलं असतं तर एव्हाना चुरगळून कचऱ्यात गेलं असतं, पण हे पान नंबराचं होतं, फाडायची सोय नव्हती. काकांनी ते उलगडलं. पांढरा आणि गुलाबी, दोन्ही कागद जागच्या जागी होते. वर तिरकी रेघ मारून लिहिलं होतं, 'रद्द'.

माल: पुरुषांचे बूट, मऊ तळवा, सात नंबर. किंमत: चौदाशे.

गिऱ्हाईक: आपल्या काकू.

कारण: डागी माल, निम्मी किंमत, असं लिहून हवं होतं. माल डागी नाही. या पुस्तकात घरची पावती देता येत नाही.

काका ते पान तसंच धरून उभे राहिले. टाचा खोका घेऊन खाली उतरला, त्याने काकांच्या हातात काय आहे ते पाहिलं आणि तो गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवू लागला. गिऱ्हाईक बूट घेऊन गेल्यावर काकांनी विचारलं, "किती जोड झाले आतापर्यंत?"

"चार. नऊ वर्षांत."

"सगळे चांगल्या मालातले?"

"काकू पूर्ण पैसे मोजायच्या. डागी म्हणून निम्म्यात मिळाले असं सांगितलं तरच तुम्ही घालाल, म्हणायच्या. तुम्ही मागत नसलात तरी आपल्याच दुकानाचा माल, म्हणून घरची पावती जवळ ठेवायच्या. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती."

काकांनी पायातल्या बुटाकडे पाहिलं. चौथा जोड, तळवा झिजून चपटा झालेला. तो घरी आला तेव्हा त्यांनी खिडकीत नेऊन तपासला होता. "पण याच्या डाव्या बुटाचा टाका वाकडा आहे. मी स्वतः बघितलाय. प्रत्येक जोडात काहीतरी होतंच."

"ते तुम्हालाच दिसायचं, काका," टाचा म्हणाला.

चौदाशे म्हणजे काकूंनी किती कपडे शिवले असतील, याचा हिशेब काकांनी करायला घेतला आणि मध्येच सोडून दिला. त्यांना लाज वाटली. ताटाखालची ती चांभाराची सही आठवली. संध्याकाळी त्यांनी टाचाला तोच जोड काढायला लावला आणि आपल्या खिशातून पैसे मोजले. टाचा सवलतीसाठी सूनबाईंना विचारायला निघाला, तर काकांनी त्याला थांबवलं. "पूर्ण लिही," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी खोका मशीनशेजारी ठेवला. काकू काज करत होत्या. त्यांनी वर बघितलं, खोका ओळखला आणि पुन्हा मान खाली घातली.

"बूट आणलेत," काका म्हणाले.

"दिसतंय."

"टाचाचं पुस्तक बघितलं मी. सोमवारचं."

काकूंनी दोरा तोडला. काम बाजूला ठेवलं आणि हात पुढे केला. "पावती दाखवा."

काकांनी खिशातून पांढरा कागद काढून दिला. काकूंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. नंबर, तारीख, माल, आकड्यातली किंमत, अक्षरातली किंमत. गिऱ्हाइकाला एवढं वाचताना काकांनी पाहिलं असतं, तर त्यांना ते गिऱ्हाईक खडूस वाटलं असतं.

"ही खरी आहे?"

एकतीस वर्षांत काकांनी हजारो पावत्या लिहिल्या असतील, पण हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

"खरी आहे."

"कशावरून?"

काकांनी तोंड उघडलं. आपल्या शब्दावरून, असं म्हणायचं होतं. पण सुयांची पावती मागितलेली त्यांना आठवली.

"नवं पुस्तक आहे ते," ते म्हणाले. "त्यात खोटं लिहिताच येत नाही."

"माहीत आहे. मी त्यासाठीच हात हलवत परत आले होते." काकूंनी पावतीची नीट घडी घातली आणि सुयांच्या डब्यात ठेवली. "पुस्तकावर विश्वास ठेवते मी. तुमच्यावर ठेवायला जरा वेळ लागेल."

त्या पुन्हा काज करू लागल्या. काका खाली बसले, जुने बूट काढले आणि नवे घालून खोलीभर दोन फेऱ्या मारल्या. कुठेही चावत नव्हते.