लांब अँटेना

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा वास आला की मला शिरपूरच्या वनखात्याच्या आवारातली ती दुपार आठवते. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघे ड्रायव्हर, दोघांकडे जीप, आणि वायरलेस सेट आला एकच. साहेबांनी तो माझ्या जोडीदाराच्या जीपला दिला. नोकरीत जुना मी! मेकॅनिकने दोन अँटेना पुढे ठेवल्या, एक आखूड आणि एक माणसाहून लांब. "सातपुड्यात आखूड काय कामाची?" म्हणत जोडीदाराने लांब उचलली, जणू लग्नाचा फेटाच निवडतोय. जीपचा हूड ताडपत्रीचा, म्हणून मेकॅनिकने मागच्या बंपरला भोक पाडलं, अर्थिंग मिळावं म्हणून रंग खरवडला, तारेला सोल्डरचा डाग दिला. अँटेना उभी राहून लवलवू लागली तसे आवारातले सगळे तिच्याभोवती जमले. माझी सकाळीच धुतलेली जीप शेजारी उभी होती, तिच्याकडे कुणी ढुंकून पाहीना. सागाच्या पहिल्याच फांदीला अडकून ही मोडू दे, असं मी मनात म्हणत होतो, तेवढ्यात जोडीदाराने दृष्ट लागू नये म्हणून आणलेली काळी बाहुली खिशातून काढली आणि माझ्याच हातात ठेवली. "भाऊ, बठ्ठास्नी नजर इनावर शे. तू उच्चा शेस, तूच बांध." सगळ्यांची नजर हिच्यावर आणि उंच मी, म्हणून मीच टाचा उंचावून ती अँटेनाला बांधली, गाठही पक्की मारली. बाहुली केव्हाच झडली असेल; माझी नजर मात्र अजून त्या जीपवरून हटलेली नाही.